गळतीचा आकडा

शून्य गळती कुठेच नसते

सलाईनची नळी हातात घेतली तर एकसंध वाटते, पण ती सात-आठ सुट्या भागांची जोडणी असते. बाटलीत खुपसायचा अणकुचीदार स्पाइक, थेंब मोजायचे ड्रिप चेंबर, पीव्हीसीची दीडेक मीटर नळी, वेग कमी-जास्त करायचा रोलर क्लॅम्प, मधेच इंजेक्शन देता यावे म्हणून बसवलेला वाय आकाराचा जोड आणि शेवटी सुईला बसणारे ल्युअर लॉक. यातला जवळजवळ प्रत्येक सांधा कारखान्यात चिकटवलेला असतो. सांधा कच्चा राहिला तर औषध बाहेर येते किंवा हवा आत शिरते. बाहेर आलेला थेंब परिचारिकेला निदान दिसतो. आत शिरलेली हवा सहसा दिसत नाही आणि जंतू तर मुळीच दिसत नाहीत.

हीच धास्ती शल्यचिकित्सकाच्या हातमोज्याला, रक्तपिशवीला, कॅथेटरला, डायलायझरला आणि छातीत बसवलेल्या पेसमेकरला लागू आहे. ही उपकरणे निर्जंतुक ठेवणाऱ्या पाकिटालाही ती लागू आहे. प्रत्येकाची गळती तपासण्याची रीत निराळी, कारण आतून काय बाहेर जाऊ द्यायचे नाही आणि बाहेरून काय आत येऊ द्यायचे नाही, हे प्रत्येक ठिकाणी बदलते.

'अजिबात गळत नाही' या वाक्याला या धंद्यात अर्थ नाही. वेल्डिंग करून जोडलेल्या धातूतूनही काही रेणू आरपार जातात. प्लॅस्टिक तर कुठेही न फाटता वायूला सावकाश वाट देते. म्हणून किती गळते आणि तेवढे चालेल का, एवढेच विचारता येते आणि त्याचे उत्तर आकड्यात द्यावे लागते. यंत्र बाजारातून आणता येते. मर्यादेचा आकडा मात्र त्या उपकरणाचा आणि ते ज्याच्या अंगाला लागणार त्या माणसाचा विचार करूनच ठरवावा लागतो. गळती चाचणीतले सर्वांत जबाबदारीचे काम हेच.

गळती मोजायचे एक प्रचलित एकक म्हणजे मिलिबार-लिटर प्रतिसेकंद. एक लिटरच्या बंद भांड्यातला दाब दर सेकंदाला १ मिलिबारने बदलत असेल, तर गळती एवढी असते. नेहमीच्या हवेच्या दाबाला ती सेकंदाला साधारण १ मिलिलिटर हवेइतकी भरते. निर्वात तंत्रात काम करणारे एक ढोबळ हिशेब सांगतात: या एककाच्या शंभराव्या भागाखाली गळती आली की पाणी झिरपत नाही, दहा हजाराव्या भागाखाली जीवाणू अडतात आणि दहा लाखाव्या भागाखाली विषाणूसुद्धा. हा हिशेब केवळ दिशा दाखवतो. छिद्र केवढे, ते सरळ की वाकडे, त्यात द्रव साचला आहे का, दाब कोणत्या बाजूने आहे, यावर प्रत्यक्षात बरेच अवलंबून असते.

औषध द्रवरूप असताना चाचणी हवेने का करतात, याचेही उत्तर यातच आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पन्नासपट दाट वाहते, शिवाय अगदी बारीक छिद्रात पृष्ठताणामुळे ते अडकून बसते. ज्या फटीतून पाण्याचा थेंब यायला तास लागेल, तिथून हवा काही सेकंदांत मोजण्याइतकी निघते. हवेने उपकरण ओले होत नाही, डाग पडत नाही आणि चाचणीनंतर तेच उपकरण विकता येते.

मर्यादा कशी ठरते याचा चांगला नमुना म्हणजे ल्युअर जोड. सिरिंज आणि सुई, नळी आणि कॅन्युला यांना जोडणारा हा सहा टक्के उताराचा शंकूसारखा सांधा जगभर एकाच मापाचा असतो. आयएसओ ८०३६९-७ या मानकानुसार ३०० ते ३३० किलोपास्कल दाबाच्या हवेखाली त्याची गळती ०.००५ पास्कल-घनमीटर प्रतिसेकंदाच्या वर जाता कामा नये. मिनिटाला साधारण ३ मिलिलिटर हवा, असा त्याचा अर्थ. आकडा सैल वाटतो. पण हा सांधा रुग्णाच्या खाटेशेजारी हाताने जोडायचा आणि सोडायचा असतो. त्याच मानकात पाण्याची चाचणीही दिली आहे: एवढ्याच दाबाखाली अर्धा मिनिट धरल्यावर थेंब तयार होऊन खाली पडता कामा नये.

जोडणीच्या लाइनवर

सलाईन सेटच्या जोडणीत नळीचे टोक सायक्लोहेक्झॅनोन या द्रावकात टेकवतात आणि लगेच पुढच्या भागाच्या खोबणीत दाबून बसवतात. द्रावक पीव्हीसीचा वरचा थर मऊ करतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मुरतात आणि द्रावक उडून गेला की सांधा पक्का होतो. टोकाचा थोडासा भाग कोरडा राहिला तर तेवढ्या रेघेत सांधा धरत नाही आणि नळीच्या लांबीच्या दिशेने केसाएवढी वाट शिल्लक राहते. द्रावक जास्त झाला तर नळीची भिंत कमकुवत होते. डोळ्यांना दोन्ही सांधे सारखेच दिसतात.

म्हणून जोडलेला सेट गुंडाळण्यापूर्वी चाचणीच्या टेबलावर येतो. ऑपरेटर स्पाइकचे टोक रबरी सीलमध्ये बसवतो, ल्युअरचे टोक दुसऱ्या सीलमध्ये, आणि बटण दाबतो. यंत्र सेटमध्ये हवा भरते आणि पुरवठा बंद करून थोडे थांबते. मग ठरावीक सेकंद दाब किती उतरला हे मोजते, हवा सोडते आणि हिरवा किंवा लाल दिवा लावते. या पद्धतीला लाइनवर सगळे 'प्रेशर डिके' म्हणतात. भरणे, थांबणे, मोजणे, सोडणे या चार टप्प्यांपैकी सगळे कौशल्य दुसऱ्या टप्प्यात आहे.

हवा जोराने भरली की ती दबून तापते. पुरवठा बंद झाल्यावर ती निवू लागते आणि निवताना तिचा दाब आपोआप उतरतो. सेटमध्ये एकही छिद्र नसले तरी यंत्राला गळती दिसते. शिवाय मऊ पीव्हीसी दाबाखाली किंचित फुगत राहते आणि त्यानेही दाब उतरतो. थांबण्याचा वेळ कमी ठेवला तर चांगले सेट नापास होतात. वाढवला तर उत्पादन मंदावते. वेळ वाचवण्याच्या भरात हाच टप्पा कातरला जातो आणि मग नापासांचा ढीग पाहून कोणीतरी मर्यादा सैल करतो. पहिली तडजोड नजरेला येते, दुसरी येत नाही, आणि घातक असते ती दुसरी.

आकड्यांत पाहिले की हे काम किती नाजूक आहे ते कळते. सेटच्या आतली जागा समजा २० मिलिलिटर आहे आणि १० सेकंदांत दाब ५० पास्कलने उतरला. ही गळती मिनिटाला सुमारे ०.०६ मिलिलिटर हवेइतकी झाली. आता सेट ५० किलोपास्कलपर्यंत भरलेला असताना आतल्या हवेचे तापमान फक्त एक अंशाने बदलले, तर दाब सुमारे ५०० पास्कलने बदलतो. म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाएवढा फरक पडला तरी तो त्या गळतीइतकाच दिसतो. हवा निवली तर चांगला सेट नापास होईल. उलट, ऑपरेटरने गुंडाळी तळहातात धरून ठेवली किंवा एसीचा झोत थांबला आणि हवा किंचित तापली, तर गळका सेट पास होईल. त्यामुळे नीट बसवलेल्या टेबलावर झोत अडवायला झाकण असते, भाग खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबवून ठेवतात आणि चाचणी चालू असताना हात लावायची मनाई असते.

आतली जागा मोठी असेल तर अडचण वाढते. हीच गळती एक लिटरच्या पिशवीत असेल तर तेवढ्याच वेळात दाब जेमतेम १ पास्कलने उतरेल आणि तापमानाच्या चढउतारात तो सापडणारच नाही. अशा वेळी गळक्या जागेतून निघून जाणारी हवा भरून काढायला किती प्रवाह लागतो हे थेट मोजतात, किंवा चाचणीच्या भागाशेजारी तसाच एक पक्का भाग जोडून दोघांच्या दाबातला फरक तेवढा मोजतात. दोन्ही भाग सारखेच निवतात, त्यामुळे तापमानाचा बराचसा परिणाम वजा होतो.

सेटची रचनाही फसवू शकते. रोलर क्लॅम्प अर्धवट आवळलेला राहिला आणि हवा एकाच टोकाने भरली, तर क्लॅम्पच्या पलीकडे दाब पोहोचत नाही. तिथले सांधे तपासलेच जात नाहीत, तरी दिवा हिरवा लागतो. म्हणून क्लॅम्प पूर्ण उघडा आहे हे पाहणे चाचणीच्या कृतीत लिहिलेले असते. काही यंत्रे एका टोकाने हवा भरून दुसऱ्या टोकाला दाब आला की नाही हे आधी बघतात. ड्रिप चेंबरजवळ हवा आत घेणारी जाळी असेल तर ती चाचणीपुरती झाकावी लागते, कारण तिचे कामच हवा सोडणे आहे. चाचणी निर्जंतुकीकरणाच्या आधी होते, हेही विसरून चालत नाही. निर्जंतुक करणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूच्या कोठीत उष्णता, ओल आणि निर्वात यांतून सेट जातो आणि सांध्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. त्यासाठी निर्जंतुक झालेल्या मालातले नमुने काढून पुन्हा तपासतात.

पाण्यात बुडवून

सायकलवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून पंक्चर शोधतो, तीच पद्धत उपकरणांच्या कारखान्यातही रोज वापरात आहे. तिचा मोठा गुण म्हणजे ती गळतीची जागा दाखवते. प्रेशर डिकेने सेट गळतो एवढेच कळते. पाण्यात बुडबुडे कोणत्या सांध्यातून निघतात ते समोर दिसते. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला एक या वेगाने निघत असेल तर गळती मिलिबार-लिटर एककाच्या दोन हजाराव्या भागाएवढी असते, असा साधा हिशेबही करता येतो. तिची उणीव माणसाच्या डोळ्यांची आहे. पाळीच्या शेवटच्या तासात थकलेल्या नजरेला अर्ध्या मिनिटाने निघणारा बुडबुडा दिसेलच याची खात्री नाही. म्हणून ही पद्धत बिघाड शोधायला उत्तम, पण प्रत्येक नग तपासायला लंगडी.

रबरी हातमोज्याच्या बाबतीत मात्र पाणीच मुख्य साधन आहे. मोज्याची कड एका पोकळ नळकांड्यावर ताणून बांधतात, मोजा खाली लोंबतो आणि वरून १००० मिलिलिटर पाणी ओततात. वजनाने तळवा फुगतो, बोटे ताठ होतात. ओतल्याबरोबर एकदा आणि दोन मिनिटांनी पुन्हा बोटांची टोके, बोटांमधल्या बेचक्या आणि अंगठ्याचा बुंधा निरखतात. छिद्र असेल तर आधी कोरड्या रबरावर चमकणारा ठिपका उमटतो, मग तो फुगून ओघळतो. कडेजवळच्या सुमारे ४ सेंटीमीटर पट्ट्यातली गळती धरत नाहीत, कारण तिथे मोजा बांधलेला असतो. पाणी भरलेला मोजा पुन्हा विकता येत नाही. त्यामुळे प्रत्येक मोजा तपासणे शक्य नाही आणि लॉटमधले ठरावीक नमुने काढावे लागतात.

नमुने काढायचे म्हटले की काही गळके मोजे लॉटमध्ये राहणार हे मान्य करावे लागते. किती राहू द्यायचे, याचे नाव एक्यूएल. एड्सच्या साथीनंतर अमेरिकेच्या एफडीएने १९९० मध्ये या चाचणीचा नियम केला, तेव्हा शस्त्रक्रियेच्या मोज्यांसाठी एक्यूएल २.५ आणि तपासणीच्या मोज्यांसाठी ४.० होता. २००६ मध्ये तो अनुक्रमे १.५ आणि २.५ असा कडक केला गेला. शंभर मोज्यांमागे दीड मोजा सदोष असलेला लॉटही बहुतेक वेळा पास होईल, असा त्याचा साधा अर्थ. शल्यचिकित्सक काही शस्त्रक्रियांमध्ये एकावर एक दोन मोजे घालतात, त्याला या आकड्याचाही आधार आहे.

निरोधच्या बाबतीत नमुन्यांवर भागवलेले नाही. आयएसओ ४०७४ मध्ये ३०० मिलिलिटर पाण्याची चाचणी आहेच, तिचा एक्यूएल ०.२५ इतका कडक आहे. त्याच्या आधी कारखान्यात एकूण एक नग विजेने तपासला जातो. निरोध धातूच्या दांड्यावर चढवतात आणि दांडा व बाहेरचा संपर्क यांच्यात विद्युत दाब लावतात. रबर वीज अडवते. सुईच्या अग्राएवढे छिद्र असले तरी तिथून प्रवाह वाहतो आणि तो नग यंत्र बाजूला टाकते. चाचणीने माल खराब होत नसेल तर प्रत्येक नग तपासता येतो. चाचणीच्या पद्धती सुधारण्याची धडपड बहुतांशी याचसाठी असते.

रक्तपिशवीचे हाल यापेक्षा जास्त होतात, आणि ते व्हायलाच हवेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेले रक्तपिशवीचे तंत्रज्ञान १९८० च्या दशकात उद्योगाकडे गेले आणि काचेच्या बाटल्यांच्या जागी पिशव्या भारतात तयार होऊ लागल्या. पिशवीतले रक्त वेगाने फिरवून त्याचे घटक वेगळे करतात, म्हणून चाचणीतही पाण्याने भरलेली, तोंड बंद केलेली पिशवी गुरुत्वाच्या ५००० पट बलाने १० मिनिटे फिरवतात आणि मग दोन पाट्यांमध्ये दाबतात. शिवणीतून थेंबही येता कामा नये. चाचणीने उपकरणाला त्याच्या आयुष्यातला सर्वांत वाईट दिवस आधीच दाखवला पाहिजे, हे तत्त्व इथे सरळ दिसते.

भिजलेला तंतू

डायलायझरची अडचण वेगळी आहे. त्याच्या नळकांड्यात दहा हजारांच्या आसपास पोकळ तंतू असतात. प्रत्येकाचा आतला व्यास सुमारे २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. रक्त तंतूंच्या आतून जाते, शुद्ध करणारा द्रव बाहेरून, आणि तंतूच्या भिंतीतल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून युरियासारखी घाण बाहेर पडते. भिंत सच्छिद्र असणे हेच तिचे काम. मग दहा हजारांतला एखादा तंतू तुटला आहे का, हे कसे ओळखायचे?

उत्तर पुन्हा पृष्ठताणात आहे. तंतू पाण्याने भिजवले की भिंतीतली छिद्रे पाण्याने भरतात आणि हवेला वाट देत नाहीत. छिद्र जितके बारीक, तितका ते पाणी हुसकायला दाब जास्त लागतो. दहा नॅनोमीटरच्या छिद्रासाठी हा दाब सैद्धांतिक हिशेबाने दोन-अडीचशे वातावरणांच्या पुढे जातो. तुटलेल्या तंतूचे २०० मायक्रॉनचे तोंड मात्र दीड किलोपास्कलच्या आतच हवा सोडते. त्यामुळे भिजलेल्या डायलायझरला मध्यम दाब दिला की अखंड तंतू हवा अडवतात आणि तुटलेला एकच तंतू ती सोडतो. दाब उतरला की नग बाद. सातारा जिल्ह्यात शिरवळजवळच्या केसुर्डी औद्योगिक वसाहतीत डायलायझर तयार होतात. जगात कुठेही ते बनले तरी भिजलेल्या तंतूचा हा गुण सारखाच उपयोगी पडतो. पुढे डायलिसिसच्या यंत्रातही रक्तगळती ओळखणारा प्रकाश संवेदक असतो. तो कारखान्यातल्या चाचणीची जागा घेत नाही, वाटेत काही बिघडले तर सावध करतो.

हवा जाऊ देणारे पाकीट

निर्जंतुक उपकरणाच्या पाकिटाची एक बाजू पारदर्शक फिल्मची आणि दुसरी बहुधा टायव्हेकची असते. टायव्हेक म्हणजे पॉलिएथिलीनच्या अतिसूक्ष्म धाग्यांची कागदासारखी चादर. इथिलीन ऑक्साइड आत जायला आणि निर्जंतुकीकरणानंतर बाहेर यायला ती सच्छिद्र असावी लागते. जंतू मात्र तिच्या धाग्यांच्या जाळ्यात अडकतात. अशा पाकिटावर प्रेशर डिके चालत नाही, कारण हवा टायव्हेकमधूनच निघून जाते.

म्हणून इथे लक्ष सीलच्या पट्टीवर असते. सीलमध्ये सुरकुती राहिली किंवा धागा अडकला की आडवी वाट तयार होते. ती शोधायला टोलुइडिन ब्ल्यू हा निळा रंग मिसळलेले पाणी पाकिटात घालून सीलच्या आतल्या कडेला काही सेकंद टेकवतात. वाट असेल तर निळी रेघ सीलच्या पट्टीतून आरपार धावते. एएसटीएम एफ१९२९ ही पद्धत सुमारे ५० मायक्रॉन रुंदीची वाट दाखवते. बघायला उशीर केला तर रंग टायव्हेकमध्येच शोषला जाऊन सगळी कड निळी होते आणि काहीच कळत नाही. संपूर्ण पाकिटातले छिद्र शोधायचे तर पाण्याखाली धरून आतून हवा भरतात. त्या पद्धतीला २५० मायक्रॉनच्या आसपासचे छिद्र सापडते. पाकिटाची कोणतीच बाजू सच्छिद्र नसेल तर ते निर्वात कोठीत ठेवून कोठीचा दाब चढतो का हे मोजता येते आणि पाकीट न फोडता निकाल मिळतो.

पाकिटाची चाचणी रटाळ वाटते आणि कारखान्यात तिच्याकडे कौतुकाने कोणी पाहत नाही. पण टेबलावर उघडलेले पाकीट आधीच गळके असेल, तर आतल्या उपकरणावर केलेल्या बाकी सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

पेसमेकर आणि हेलियम

शरीरात पूर्ण बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला गेला. ओके सेनिंग हे शल्यचिकित्सक, रुने एल्मक्विस्ट हे अभियंते. एल्मक्विस्ट यांनी त्याचे भाग इपॉक्सीत ओतले होते आणि साचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरली होती. तो पेसमेकर काही तासांतच बंद पडला. लार्सन यांना पुढच्या आयुष्यात सव्वीस पेसमेकर लागले आणि २००१ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी, हृदयाशी संबंध नसलेल्या आजाराने, ते वारले.

इपॉक्सी पाणी अडवते, पण पाण्याची वाफ अडवत नाही. शरीर उबदार आणि खारट. वाफ सावकाश आत जाऊन सर्किटवर जमली की धातू गंजतो आणि प्रवाह भलतीकडून वाहू लागतो. धातूची बंद डबी हा उपाय दिसत होता, पण त्या काळातल्या पारा-जस्त बॅटऱ्या हायड्रोजन सोडत असत, म्हणून डबी पूर्ण बंद करता येत नव्हती. १९७० च्या दशकात वायू न सोडणारी लिथियम-आयोडीन बॅटरी आली आणि टायटॅनियमची डबी लेसरने वेल्ड करून कायमची बंद करणे शक्य झाले. तारा बाहेर काढायच्या जागी सिरॅमिकचा छोटा तुकडा सोन्याने टायटॅनियमला जोडतात. डबीतली सर्वांत नाजूक जागा तीच.

अशा डबीची गळती प्रेशर डिकेच्या आवाक्याबाहेर आहे. तिच्यासाठी हेलियम लागतो. हेलियमचा अणू एकटाच फिरतो आणि फार लहान असतो, तो कशाशीही रासायनिक क्रिया करत नाही आणि हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत पाचच असते, म्हणजे तो कुठून आला हे ओळखणे सोपे. हेलियम ओळखणारे वस्तुमानमापक यंत्र दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पासाठी अल्फ्रेड निअर यांनी तयार केले. ओक रिजच्या युरेनियम कारखान्यात पाइपांचे असंख्य सांधे तपासायचे होते. त्या कामातून निघालेले तंत्र पुढे हृदयरोग्यांच्या कामी आले.

पेसमेकरची डबी वेल्ड करतानाच आतल्या वायूत थोडा हेलियम मिसळतात. वेल्ड झाल्यावर डबी निर्वात कोठीत ठेवतात आणि तिच्यातून निघणारा हेलियम यंत्र मोजते. आत हेलियम दहा टक्केच भरला असेल तर आकडाही खऱ्या गळतीच्या दहाव्या भागाएवढा येतो, हे हिशेबात धरावे लागते. आत हेलियम भरता येत नसेल तर बंद डबी काही तास दाबाखालच्या हेलियममध्ये ठेवतात; फट असेल तर तो आत शिरतो आणि मग निर्वातात बाहेर येताना पकडला जातो.

यंत्र मिलिबार-लिटर एककाच्या अब्जाव्या भागाच्याही खाली पाहू शकते. दहा कोटीतला एक भाग एवढ्या गळतीने एक घनसेंटीमीटर वायू निघायला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. पण पेसमेकरला आठ-दहा वर्षे शरीरात राहायचे असते. त्यामुळे मर्यादा उलटीकडून काढतात: शेवटच्या वर्षापर्यंत आत किती वाफ साचलेली चालेल? इलेक्ट्रॉनिक्सच्या जगात दहा लाख भागांत ५००० भाग वाफ हा आकडा रूढ आहे, कारण तेवढी वाफ शून्य अंशाखालीच गोठते, थेंब होऊन सर्किटवर बसत नाही. त्या आकड्यावरून मागे येत गळतीची मर्यादा ठरते.

हेलियम महाग आहे आणि भारताला तो आयात करावा लागतो. म्हणून कॅथेटर आणि तत्सम उपकरणांसाठी पाच टक्के हायड्रोजन मिसळलेला नायट्रोजन वापरायचा पर्याय आहे. एवढ्या प्रमाणात तो पेट घेत नाही. प्लॅस्टिकच्या उपकरणावर हेलियम तसाही जपून वापरावा लागतो. प्लॅस्टिक तो शोषून घेते आणि मग सावकाश सोडत राहते, त्यामुळे छिद्र नसलेला नगही गळका दिसतो.

चाचणीची परीक्षा

हेलियम चाचणीत एक चकवा आहे, आणि तो माहीत नसलेल्या माणसाला यंत्राच्या टेबलावर बसवू नये. डबीला बारीक फट असेल तर यंत्र तिला पकडते. भगदाड असेल तर कोठी निर्वात करतानाच आतला सगळा हेलियम निघून जातो, मोजायला काही उरत नाही आणि सर्वांत वाईट डबी सर्वांत चांगली दिसते. म्हणून अमेरिकी लष्कराच्या मिल-एसटीडी-८८३ मधल्या १०१४ क्रमांकाच्या पद्धतीत बारीक गळतीबरोबर ढोबळ गळतीची स्वतंत्र चाचणी आहे. निर्वात कोठीतल्या पाकिटालाही हेच लागू. प्रेशर डिकेत भगदाड असेल तर दाब चढतच नाही, आणि यंत्राला हे वेगळे ओळखायला शिकवले नसेल तर तिथेही निकाल चुकतो.

चाचणी बरोबर चालली आहे हे रोज सिद्ध करावे लागते. त्यासाठी कारखान्यात दोन मास्टर ठेवतात. एक पक्का भाग. दुसरा ज्ञात गळती असलेला भाग, काचेच्या केशनळीचा किंवा बारीक छिद्र पाडलेल्या तबकडीचा, ज्याचा आकडा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने कॅलिब्रेट केलेला असतो. पाळी सुरू होताना पहिल्याने हिरवा आणि दुसऱ्याने लाल दिवा लागला पाहिजे. गळका मास्टर पास झाला तर मागच्या यशस्वी तपासणीनंतर निघालेला सगळा माल रोखून ठेवतात. सर्वांत जास्त बिघाड टेबलावरच्या रबरी सीलमध्ये होतो. रबर झिजले की तिथूनच हवा निघते आणि चांगले नग बाद होतात. ते पाहून ऑपरेटर सील जोराने आवळतो, आणि मऊ नळीचा सांधा तात्पुरता दाबला जाऊन गळका नगही पास होतो.

नापास नगाची पुन्हा चाचणी करायची सवय याहून घातक आहे. पाण्यात बुडवलेल्या सेटच्या छिद्रात थेंब अडकला की हवेच्या चाचणीत तेच छिद्र बंद दिसते. म्हणून कोरडी चाचणी नेहमी ओल्या चाचणीच्या आधी घ्यायची असते. नापास नग पास होईपर्यंत फिरवत राहिला तर चाचणीला काही किंमत उरत नाही. फेरचाचणीची परवानगी लेखी नियमाने, एकदाच आणि कारण नोंदवून द्यावी, आणि बाद नगांची पेटी कुलपात ठेवावी. हे नियम जाचक वाटतात, पण नगाच्या दुसऱ्या टोकाला रुग्ण आहे हे त्या टेबलावर लक्षात ठेवायला दुसरा कोणताही मार्ग नाही.

भारतात १९८९ मध्ये एकदा वापरायच्या सिरिंज, सुया आणि सलाईन सेट औषध कायद्याखाली आले. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांच्या पाचव्या परिशिष्टात गुणवत्ता व्यवस्थेच्या अटी आहेत आणि त्या आयएसओ १३४८५ शी बऱ्याच जुळतात. कमी जोखमीच्या अ आणि ब वर्गांचा उत्पादन परवाना राज्याचे प्राधिकरण देते, महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासन. क आणि ड वर्गांचा केंद्राकडून मिळतो. तपासणीला आलेला अधिकारी गळतीची मर्यादा कशावरून ठरवली, यंत्र कधी कॅलिब्रेट केले आणि वेगवेगळ्या ऑपरेटरांनी तेच नग तपासल्यावर निकाल जुळले का, याचे कागद मागू शकतो.

कारखान्याबाहेर

वारंवार वापरायच्या उपकरणांची गळती चाचणी रुग्णालयात चालू राहते. एंडोस्कोप प्रत्येक वापरानंतर धुण्यापूर्वी तपासायचा असतो. त्याच्या आवरणात हवा भरून तो पाण्यात बुडवतात आणि मुठीवरची चाके फिरवत टोक चारही बाजूंना वाकवतात, कारण वाकवल्याशिवाय बारीक चीर उघडत नाही. बुडबुडे दिसले तर तो धुवायचा नाही, दुरुस्तीला पाठवायचा. चिरेतून शिरलेला द्रव आतली तारांची गुंतागुंत बिघडवतो आणि तिथे दडलेल्या जंतूंपर्यंत कोणताही ब्रश पोहोचत नाही. भूल देण्याच्या यंत्राचा श्वासमार्गही दिवसाच्या पहिल्या रुग्णाआधी तपासतात: नळीचे तोंड बंद करून ३० सेंटीमीटर पाण्याइतका दाब भरायचा आणि तो १० सेकंद टिकतो का ते पाहायचे.

एकदाच वापरायचे उपकरण वॉर्डात गळके निघाले तर बहुतेक वेळा ते कचऱ्याच्या डब्यात जाते आणि दुसरे पाकीट उघडले जाते. असे करू नये. उपकरणांमुळे होणाऱ्या दुष्परिणामांची आणि बिघाडांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम, मटेरिओव्हिजिलन्स, जुलै २०१५ मध्ये सुरू झाला आणि गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग तो चालवतो. त्याच्याकडे तक्रार डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि रुग्णही करू शकतात. तक्रारीसोबत गळका नग आणि त्याचे पाकीट जपून ठेवले तर पाकिटावरच्या लॉट क्रमांकावरून कारखान्यात त्या दिवसाच्या नोंदीपर्यंत पोहोचता येते: कोणत्या टेबलावर चाचणी झाली, दाब किती उतरला, सकाळी गळक्या मास्टरने लाल दिवा लावला होता का. नग चाचणीनंतर फाटला की चाचणीच चुकली, हे त्यातून कळते. चाचणी चुकली असेल तर त्या टेबलावरून त्या काळात गेलेले सगळे लॉट परत मागवावे लागतात.